पडद्यामागची जागा

गणपतभाऊ कंपाउंडर. हे नाव आधीच लिहून ठेवतो, कारण एकदा आजाराबद्दल लिहायला लागलो की मी माझ्याबद्दलच बोलत बसेन आणि त्यांचे राहून जाईल. मूल-गडचिरोली रस्त्यावरच्या आमच्या बाजाराच्या गावी एक लहानसा सरकारी दवाखाना होता. तिथे ते औषधे देत आणि सुया टोचत. नात्याने ते माझे कोणी नव्हते. मी आज उभा राहून वर्गात शिकवतो, ते डॉक्टरांमुळे, औषधामुळे आणि माझ्या मायमुळे. पण या तिघांपर्यंत मला ओढत नेले गणपतभाऊंनी.

ज्यांना हा आजार झाला आहे, किंवा ज्यांच्या घरात तो शिरला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो. औषधांची माहिती डॉक्टर सांगतीलच. औषध चालू असताना माणूस कसा एकटा पडतो आणि त्या एकटेपणातून कसा बाहेर येतो, तेवढेच मला सांगता येईल.

चांद्याचा तो दिवस

मी आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. धानाची शेती करणाऱ्या माझ्या मोठ्या भावाने, दादाने, मला नागपूरला शिकवले. वरोऱ्याच्या शाळेत नोकरी लागून एक वर्षही झाले नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी खोकला सुरू झाला. खडूची धूळ असेल म्हणून दुर्लक्ष केले. मग पावसाळ्यात शाळा पुन्हा उघडल्यावर एका सकाळी फळ्यावर लिहिता लिहिता रुमालावर रक्त आले. मुलांना दिसू नये म्हणून मी फळ्याकडे तोंड करूनच उभा राहिलो.

तपासणीसाठी चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो, तेव्हा दादा माझ्याबरोबर होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि पेन्सिलीने एका पांढुरक्या ढगावर टिचकी मारली.

दादाने विचारले, "हे काय हाये जी?"

"क्षय आहे. डाव्या बाजूला."

"बरा होते नं?"

"आता होतो. पण नव्वद सुया घ्याव्या लागतील, एक दिवसाआड. मध्येच सोडल्या तर मी काही सांगू शकत नाही."

दादा एवढेच बोलला, "नव्वद." आणि त्याने अंगावरचा दुपट्टा काढून माझ्या हातात दिला. तोंडावर धरायला. मायेने दिला की भीतीने, हे मला त्या दिवशी कळले नाही. परतीच्या गाडीत तो माझ्यासमोरच्या बाकावर न बसता दाराशी उभा राहिला.

तीन आठवडे मी चांद्याच्या वॉर्डात होतो. पहाटे थर्मामीटर, मग काढा झालेला चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारभर छताकडे पाहणे. तिथे भीती होती, पण सोबतही होती. शेजारच्या खाटेवरचा लाकडाच्या डेपोतला मुकादम रात्रभर खोकून सकाळी म्हणायचा, "मास्तर, आजची रात बी आपन जिंकली." पुढे खाटा कमी पडल्या. ज्यांना घरी सुया मिळू शकत होत्या त्यांना घरी पाठवले. त्यात मी होतो.

राखेची रेघ

घरी माझ्यासाठी खळ्याजवळ बांबूच्या तट्ट्याची खोपडी बांधून तयार होती. एक खाट, एक मडके, झाकणाचा थुंकीचा डबा, जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी आणि एक पेला. दादाच्या बायकोने, वयनीने, खोपडीभोवती राखेची रेघ ओढली होती. तिची दोन लेकरे रेघेच्या आत येऊ नयेत म्हणून. पावसाने रेघ पुसली की वयनी पुन्हा ओढायची. मला तिचा राग आला नाही असे म्हणालो तर खोटे ठरेल. आता मलाही लेकरू आहे, आणि आता राग येत नाही.

घरात भांडण होते, ते मला ऐकू येई.

"शेतातल्या मांडवात ठेवा नं त्याईले," वयनी म्हणे. "इथी लेकरं खेळते."

माय म्हणे, "मंग मी बी मांडवात राह्यतो. तू रांध, तू खा."

दादा काहीच बोलत नसे. तो रोज संध्याकाळी रेघेबाहेर उभा राहून विचारी, "हाये बरा?" मी म्हणे, "हो." तो जाई. दिवसातले माझे संभाषण म्हणजे हे. माय जेवण ठेवताना रडायची, म्हणून तिच्याशी बोलायचे मीच टाळू लागलो. कॉलेजात पाठ केलेल्या इंग्रजी कविता मोठ्याने म्हणून पाहिल्या. बैल मान वळवून पाहायचे. भादवा गेला, दिवाळी गेली, धान कापून खळ्यावर आले. चुरणीच्या, म्हणजे मळणीच्या, दिवसांत माझ्यापासून वीस हातांवर दहा माणसे काम करत होती आणि एकही जण माझ्याकडे बघत नव्हता.

सुया गणपतभाऊ देत. बाजारगावाहून चार मैल सायकलीने येत. उंच, काळे, पुढचे दोन दात पडलेले. तेच काय ते रेघेच्या आत येत, माझ्या खाटेवर बसत आणि सुई उकळत असताना माझ्याच पेल्यातून पाणी पीत. मी ओरडलो तर म्हणत, "उकयलेल्या पान्यानं धुतला हाये नं? मंग? तू बी. ए. का मी बी. ए.?"

पण दोन दिवसांत पाव तास. तेवढ्यावर माणूस टिकत नाही. बासष्ट सुया झाल्या आणि त्रेसष्टाव्या सुईच्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "गणपतभाऊ, आता बस झाले. मला नको."

"काऊन? मरून राह्यला का?"

"मरत असलो तर मरू द्या. बरा होऊन तरी कोणाकडे जायचे आहे?"

"तू मेला तं माही सायकल गंजन," ते म्हणाले. मी हसलो नाही. त्यांनी सुई न टोचता पेटी बंद केली, पण उठले नाहीत. आम्ही दोघे गप्प बसलो. इतक्यात रस्त्याकडून भोंग्याचा आवाज आला.

करार

खाचरावर, म्हणजे बैलगाडीवर, दोन्ही बाजूंना रंगीत फलक लावलेले, आत एक माणूस भोंगा तोंडाला लावून ओरडत होता. बाजारगावात फिरती टॉकीज आली होती! तलवारबाजी, घोडे, राजकन्या, गाणी. बाजाराच्या मैदानावर रोज एक खेळ, आणि पुढच्या बाजारापर्यंतच मुक्काम.

मी खाटेवर उठून बसलो होतो. मला ते कळलेही नव्हते. गणपतभाऊंना कळले.

"सिनेमा पाह्यचा हाये?"

"मला कोण बसू देईल?"

"कोनाले इचारायचंच नाई. मी वरोऱ्याले पाह्यलं हाये. पडदा वला करते नं, तं चित्र मागून बी तेवढंच दिसते. मागं रिकामं मैदान राह्यते, कुत्रं नाई बसत. तिथी खाचर लावू. पुढं लोकं, मधी पडदा, मागं तू."

मी पाय खाटेखाली सोडले.

"पन फुकट नाई. आठ दिवस. चार सुया, तोंड वाकडं न करता. आन् आठही दिवस संध्याकाळचा ताप नाई पायजे. वहीत लिहाचं. एक दिवस चढला का सिनेमा बंद. बोल."

मी बाही वर केली.

ते आठ दिवस मला अजून तोंडपाठ आहेत. पाच महिन्यांत प्रथमच मला उद्या कधी होतो असे झाले होते. मायला सांगितले तेव्हा ती आधी घाबरली, "थंडीचं?" आणि मग तिनेच माझा पायजमा सोडा घालून उकळला. मी नखे कापली. तेल मागवून केसांना लावले. थाळीतला भात संपवून पुन्हा मागितला, तेव्हा माय वाटी घेऊन पळतच आली. दादाने खाचर हाकायचे कबूल केले, रेघेबाहेरूनच.

दुपार झाली की मी पुन्हा पुन्हा कपाळाला हात लावून बघायचो. ताप येतो की काय या भीतीनेच ताप येईल असे वाटे. पाच दिवस वहीत अठ्ठ्याण्णवच्या आसपास आकडे पडले. सहाव्या दिवशी थर्मामीटर उजेडाकडे वळवला आणि पारा नव्व्याण्णव पॉइंट चारवर होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

मी वहीत ९८.४ लिहिले.

हे वाचणाऱ्या आजाऱ्याला हात जोडून सांगतो, असे करू नका. मी शिकलेला माणूस, आणि ज्या एका माणसाने माझ्यावर विश्वास टाकला त्यालाच फसवले. सातव्या-आठव्या दिवशी ताप नव्हता, पण गणपतभाऊ वही चाळत "वा बापू" म्हणाले तेव्हा मला वर बघवले नाही.

बायांची बाजू

निघालो तेव्हा अजून उजेड होता. खाचरात तणसाचा पेंढा, त्यावर गोधडी, त्यावर मी घोंगडी पांघरून. दादा पुढे जुवाजवळ, माझ्याकडे पाठ करून. गणपतभाऊ सायकलीवर शेजारून. अर्ध्या वाटेवर मला राहवले नाही.

"गणपतभाऊ, सहाव्या दिवशी नव्व्याण्णव पॉइंट चार होता. मी खोटे लिहिले. खाचर वळवायचे तर वळवा."

त्यांनी पायडल मारणे थांबवले नाही. "मले समजलं होतं. बाकीचे आकडे तू भरकन लिहते. थो येक आकडा छापल्यावानी लिहला होता."

"मग?"

"मंग काय? तुया वहीच्या भरोशावर नाई आनलं तुले. थुकीचा कागद चांद्याहून आला. दुसऱ्यांदा साफ निघाली. लोकाईले तुयापासून भेव नाई आता. डॉक्टरसायबाले इचारून आनलं."

"मला सांगितले का नाही?"

"सांगतलं असतं तं तू म्हन्ला असता, झालो बरा, आता सुई कायले? अठ्ठावीस बाकी होत्या. आता चोवीस हायेत." मग म्हणाले, "पन खोटं लिहलं थे वाईट केलं, बापू." आणि सायकल पुढे काढली.

दादाने हे सगळे ऐकले होते. त्याची पाठ हलली नाही.

मैदानाभोवती तट्ट्यांचे कुंपण होते. पुढून माणसांची गर्दी, बिड्या, शेंगदाणेवाले. आम्ही लांबून वळसा घालून मागे गेलो. गणपतभाऊंनी एक तट्टा बाजूला सारला आणि जागीच थबकले.

मागे रिकामे मैदान नव्हते. पोती अंथरून पन्नास-साठ बाया बसल्या होत्या. वरोऱ्याचे आम्हाला ठाऊक होते. इथली रीत ठाऊक नव्हती. आमच्या बाजारगावात पडद्याच्या पुढे पुरुष आणि मागे बायका. आणि गणपतभाऊंसारखा सडाफटिंग माणूस त्या बाजूला कधी फिरकला असणार!

"कोन हाये थो?" पुढेच बसलेली एक म्हातारी कडाडली. नंतर कळले, तिला सगळे सोनाबाई म्हणत. "बायाईच्या बाजूनं मानूस काऊन? डोये फुटले का?"

"बाई, मी कंपाउंडर..."

"कंपाउंडर हायेस तं का चोळी शिवतं आमची? जाय तिकडं!"

बाया हसल्या. गणपतभाऊंची बोबडी वळलेली मी पहिल्यांदा पाहिली. "बिमार मानूस आनला हाये बाई. गर्दीत नाई बसवत."

"काय बिमारी?"

त्यांनी खिशातून कागद काढला. मग म्हणाले, "क्षय होता. आता थुकी साफ हाये. हा पाहा कागद."

"कागद मले वाचता येते का? का चाटून पाहू?"

पण आता कोणी हसले नाही. पुढच्या ओळीतल्या बायांनी लेकरे जवळ ओढली. मागून कोणीतरी बारीक आवाजात म्हणाले, "माहा भाऊ यानंच गेला." मी घोंगडी तोंडावर घेतली आणि दादाला म्हणालो, "दादा, वळव."

दादा बैलांकडे वळला. तेवढ्यात सोनाबाई उठली. तिने मूठभर धूळ उचलली आणि खळ्यावर धान उडवताना वारा पाहतात तशी हात उंच करून हळूहळू सोडली. धूळ तिच्याकडून आमच्याकडे आली.

"हवा आपल्याकून त्याच्याकडं हाये," ती बायांना म्हणाली. "तिकडं, त्या कोपऱ्यात लावा खाचर. त्याच्या आंगची हवा रानात जाईन. भूस जाते तशी." मग माझ्याकडे पाहून, "किती वर्साचा हायेस रे?"

"चोवीस."

"लगन?"

"नाही."

"मंग बायाईकडं नोको पाहू, पडद्याकडं पाह्य."

आता सगळ्या हसल्या. ज्या बाईचा भाऊ गेला होता ती आपले पोते उचलून आणखी लांब जाऊन बसली, पण गेली नाही.

दोन माणसांनी पिचकारीने पडद्यावर पाणी उडवले. दिवे गेले. आणि पडदा पेटला! मी नागपूरला सिनेमे पाहिले होते, पण असा नाही. ओल्या कापडावर चित्र चमकत होते, कडेने पाणी टपकत होते, आणि सगळे उलटे. घोडेस्वार डाव्या हाताने तलवार चालवत होते. मी उजव्या डोळ्यावर हात ठेवला, डाव्यावर ठेवला, आणि शेवटी आपणच उलटे आहोत की काय असे वाटू लागले. इतका आनंद मला बी. ए.चा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

गोष्टीच्या मध्यावर तुरुंगातल्या राजपुत्राने राजकन्येला पत्र धाडले. ते पत्र पडदाभर आले. आवाज नाही, नुसती सारंगी. राजकन्या वाचून कोसळली. बायांत चुळबुळ झाली. "काय लिहलं हाये? काय झालं?" पुढच्या बाजूला कोणी वाचणारा असेल, मागे एकीलाही वाचता येत नव्हते, आणि येत असते तरी अक्षरे उलटी.

मी उजवीकडून डावीकडे अक्षर अक्षर जुळवले होते. माझ्या तोंडून निघून गेले, "तो म्हणतो, उद्या मला फाशी आहे. तू येऊ नकोस."

"कोन बोललं? थो बिमारवाला? मोठ्यानं सांग नं!"

मी मोठ्याने सांगायला गेलो आणि खोकला आला. गणपतभाऊ धावले. "वरडू नोको! छाती फाटन!" ते दादाकडे वळले. "तू सांग. त्यानं हळू बोलाचं, तू मोठ्यानं."

दादाने कासरा जुवाला बांधला. मग जुवावरून उतरला, खाचरात चढला, तणसावर माझ्या शेजारी बसला आणि त्याने कान माझ्या तोंडाशी आणला. पाच महिन्यांत तो इतक्या जवळ आला नव्हता. त्याच्या मानेला तणसाचा आणि घामाचा वास होता. मी तो आधी छातीभर घेतला.

"सांग नं," तो म्हणाला. "बाया वाट पाहून राह्यल्या."

मी सांगितले. त्याने उभे राहून हाक मारावी तशी घोषणा केली, "थो म्हन्ते, उद्या मले फाशी हाये! तू येऊ नोको!"

"मंग थे जाईन का नाई?" सोनाबाईने विचारले.

"जाईन!" दादा न विचारता म्हणाला.

त्यानंतर बायांनी आम्हाला सोडले नाही. हिंदी बोलणे अडले की आवाज येई, "ओ मास्तर, काय म्हन्ते थो?" मी दादाच्या कानात सांगे आणि दादा त्यात आपले चार शब्द घालून ओरडे. प्रधान दुष्ट निघाला तेव्हा त्याने प्रधानाला अशी शिवी दिली की ती चित्रपटात नव्हती. बाया लोटपोट. गणपतभाऊ तट्ट्याला टेकून पडद्याकडे नाही, आमच्याकडे बघत होते.

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा आला तो रेघेबाहेर थांबला नाही. आत येऊन खाटेच्या कडेला बसला. पानठेल्यावर वाद झाला होता, राजकन्येने दोर आधी कापला की पहारेकऱ्याला आधी मारले. "तू सांग. सुटं सुटं सांग." मी सांगितले. तिसऱ्या दिवशी त्याला गाण्याची ओळ हवी होती. चौथ्या दिवशी काही नको होते, तरी आला. वयनीने आणखी महिनाभर लेकरांना येऊ दिले नाही. मी तिला दोष देत नाही.

चोवीस सुया मी घेतल्या. एकही सोडली नाही. शेवटच्या चार दुसऱ्या कंपाउंडरने टोचल्या, कारण त्याआधीच गणपतभाऊंची बदली सिरोंच्याला झाली. नव्वदावी सुई झाली तेव्हा दादाने बैलांना गूळ घातला. चांद्याच्या डॉक्टरांनी नवा फोटो खिडकीत धरला आणि या वेळी टिचकी मारायला त्यांना जागा सापडली नाही.

पुढे मला गडचिरोलीला शाळा मिळाली, लग्न झाले, मुलगी झाली. गणपतभाऊंना पत्र लिहायचे रोज मनात येई आणि लाजेने राहून जाई. शेवटी या हिवाळ्यात लिहिले, आणि ते आभारासाठी नव्हे. त्याची नक्कल इथे देतो.

*गडचिरोली*

*ती. गणपतभाऊंस श्रावणचा नमस्कार.*

*इतकी वर्षे पत्र नाही, याबद्दल रागावाल तर ते योग्यच आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. दादा, माय सुखरूप आहेत. पण आज एका कामासाठी लिहितो.*

*आमच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांना तोच आजार झाला आहे. चाळीस सुया झाल्या. घराच्या मागच्या पडवीत एकटे असतात. बायको जेवण ठेवते आणि जाते. थोरला भाऊ येतो तो अंगणातूनच विचारून परत फिरतो. मी शाळा सुटल्यावर रोज जाऊन त्यांच्या खाटेवर बसतो. परवा त्यांनी सुई परत पाठवली. मी पुष्कळ समजावले. स्वतःची सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, तुम्ही बरे झालात म्हणून तुम्हाला बोलणे सोपे आहे. काल मी सांगितले म्हणून त्यांनी सुई घेतली, पण माझ्याशी बोलणे बंद केले.*

*मी फार बोलतो, असे मला वाटते. तुम्ही त्या दिवशी पेटी बंद करून गप्प बसलात. मी तेव्हा काय शोधत होतो ते मला माहीत नव्हते, तुम्हाला कसे कळले? मला काय पाहायचे ते कळवा. आणि भावाला अंगणातून पडवीत आणायचे काही सुचत असेल तर तेही. इथे सध्या टॉकीज नाही. ड्रॉइंग मास्तरांना चित्रे काढता येतात आणि भावाला बैलांचा फार शौक आहे, एवढेच मी शोधून काढले आहे.*

*पुढची सुई गुरुवारी आहे. त्याआधी उत्तर पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. तोवर मी जाऊन गप्प बसतो.*

*आपला,*
*श्रावण*